देव्हाऱ्यातला दगड आणि साडेचार तोळे

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. लेखक नांदेडच्या एका कॉलेजात तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवत होते. त्याआधी दीड वर्ष हट्टीच्या सोन्याच्या खाणीत नमुने काढायच्या कामावर होते. या महिन्यात आलेल्या पत्रांत सोन्याचीच पत्रं जास्त, म्हणून सगळी एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : आमचे आजोबा तरुणपणी रायचूर जिल्ह्यात हट्टीच्या सोन्याच्या खाणीत कामाला होते. परत येताना त्यांनी तिथला एक दगड आणला. राखाडी-पांढरा, काळसर रेघांचा, आणि मधे मधे चांदीसारखे चमकणारे कण. तेव्हापासून तो आमच्या देव्हाऱ्यात आहे. आधी आजी आणि आता आई देवांबरोबर त्यालाही रोज स्नान घालते. मी बी.एस्सी. झालोय, म्हणून घरच्या काट्यावर त्याचं वजन केलं. ६४० ग्रॅम भरलं. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात बुडवला तेव्हा २२४ ग्रॅम पाणी बाहेर आलं. गारगोटीची घनता २.६५ धरली तर एवढ्या आकाराचा दगड ५९४ ग्रॅमचा हवा. म्हणजे ४६ ग्रॅम जास्तीचे आहेत. हा जास्तीचा भार सोन्याचा धरला तर दगडात साडेचार तोळ्यांहून थोडं जास्त सोनं निघतं. बहिणीचं लग्न ठरलंय. दगड फोडावा का? सोबत फोटो आणि एक छोटी कपची पाठवतोय.
— एक वाचक, उदगीर

उत्तर : फोडू नका. पण त्याहून निकडीची गोष्ट आधी सांगतो. त्या दगडाला घातलेलं पाणी घरात कुणी तीर्थ म्हणून घेत असेल, तर आजपासून बंद करा.

कपची पाठवलीत ते फार बरं केलंत, नुसत्या फोटोवर मी असं ठासून बोललो नसतो. ती बोराएवढी कपची मी मागच्या अंगणात फरशीवर ठेवली आणि हातोडीचा एक ठोका दिला. लसणाचा वास सुटला. आमच्या सौ. आतून म्हणाल्या, फोडणी कोण देतंय? हा वास आर्सेनिकचा. तुमचे ते चांदीसारखे कण चांदीचे नाहीत आणि सोन्याचे तर नाहीतच. त्या खनिजाचं नाव आर्सेनोपायराइट. लोखंड, गंधक आणि आर्सेनिक यांचं ते संयुग असतं आणि वजनाच्या ४६ टक्के त्यात नुसतं आर्सेनिक. आपल्याकडं ज्याला सोमल म्हणतात, त्याच घराण्यातलं हे विष. दगड कोरडा, शांत पडून असेल तर काही करत नाही. पण रोज भिजायचं, वाळायचं, पुसला जायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की वरचे कण गंजत जातात आणि आर्सेनिक थोडं थोडं पाण्यात उतरतं. आईंची श्रद्धा मोडू नका. दगड काचेच्या डबीत घालून देव्हाऱ्यातच ठेवा, फूल वाहा, उदबत्ती लावा. स्नान तेवढं नको, आणि आजवर ताम्हनातलं पाणी तुळशीला जात असेल तर तेही नको. हात लावलात तर धुवा. आणि कुणी सांगितलं म्हणून गॅसवर भाजून बघायला तर अजिबात जाऊ नका, त्याची वाफ फार वाईट.

आता तुमचा हिशेब. आकडेमोड बरोबर आहे, मी पुन्हा करून पाहिली. चूक गृहीतात आहे. दगडात गारगोटी आणि सोनं, दोनच वस्तू आहेत असं तुम्ही धरलंत. जास्तीचे ४६ ग्रॅम सोन्याच्या नावावर टाकले की ५४ ग्रॅम सोनं येतं, कारण सोन्याची घनता १९.३. तेच आर्सेनोपायराइटच्या नावावर टाका. त्याची घनता ६.१ च्या आसपास, म्हणजे ८२ ग्रॅम आर्सेनोपायराइट असलं की तुमचा काटा तेवढंच वजन दाखवणार. शिवाय त्या काळ्या रेघा आहेत. त्या कृष्णाभ्रक आणि हॉर्नब्लेंड या काळ्या खनिजांच्या, गारगोटीहून जड, घनता तीनच्या पुढं-मागं. तराजूला यातलं काहीच ओळखू येत नाही, त्याला फक्त ओझं कळतं.

मग सोनं असेल तरी किती? टनामागं ५ ग्रॅम सोनं निघालं तर खाणवाले खूश असतात. तो भाव तुमच्या दगडाला लावला तर ६४० ग्रॅममध्ये ३.२ मिलिग्रॅम सोनं. सराफाच्या जुन्या भाषेत एका गुंजेचा अडतिसावा हिस्सा. सगळं गोळा करून एक गोळी केली तर खसखशीच्या दाण्याहून लहान होईल. आणि ते गोळा कसं करणार? झारेकरी सोनाराच्या भट्टीची राख धुऊन सोनं काढतात, कारण राखेत ते सुटं पडलेलं असतं. खडकातलं सोनं आर्सेनोपायराइटच्या कडेला, त्याच्या भेगेत, गारगोटीच्या दोन पापुद्र्यांमधे अडकलेलं असतं. त्याला आधी पिठासारखं दळावं लागतं. मग सायनाइडच्या पातळ पाण्यात ते विरघळवायचं आणि पुन्हा त्यातून काढायचं. ही रीत १८८७ साली ग्लासगोत निघाली आणि आजही जगभर तीच चालते. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. टनाला ५ ग्रॅम धरले तर एका तोळ्यासाठी सव्वादोन टनांहून जास्त खडक फोडून, वर आणून, दळावा लागतो. बहिणीसाठी गळ्यातलं करायचं तर ट्रकभर दगड लागतील, आजोबांनी एकच आणला.

मी तिथं गेलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. सोन्याच्या खाणीत नोकरी लागली म्हटल्यावर घरात पेढे वाटले. मामांनी तर भिंतींवर सोनं लकाकतं का रे, असं विचारलं होतं. पहिल्या दिवशी केजमधून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली उतरलो. कमरेला बॅटरी, डोक्यावर दिवा, अंगाला चिकट उकाडा, आणि वरून टपटप गळणारं पाणी मानेवरून पाठीत जात होतं. ज्या भिंतीसमोर उभं केलं ती हिरवट काळी होती आणि तिच्यात हातभर रुंदीचा राखाडी पट्टा उभा गेलेला. हीच रीफ. मी विचारलं, सोनं कुठाय? आमचा मिस्त्री लिंगसुगूरकडचा, अर्धं कानडी, अर्धं हैदराबादी उर्दू बोलायचा. त्यानं काहीच उत्तर दिलं नाही, छिन्नी हातात दिली.

नमुना काढायची रीत अशी. आधी पाइपनं पाणी मारून भिंत धुवायची, नाहीतर स्फोटाची धूळच नमुन्यात येते. मग रीफच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी, एकसारख्या खोलीची खाच छिन्नीनं कोरायची, आणि खाली धरलेल्या ताडपत्रीवर पडेल ते सगळं पिशवीत भरायचं. चांगला दिसतो म्हणून एखादा तुकडा जास्त घ्यायचा नाही, वाईट दिसतो म्हणून टाकायचा नाही. मऊ भाग जास्त पडतो आणि कठीण गारगोटी कमी, म्हणून तिथं हात दुखेस्तोवर कोरायचं. दर थोड्या अंतरावर पुन्हा तेच. पिशवीवर नंबर. दीड वर्षात माझ्या हातून हजारो पिशव्या गेल्या असतील, आणि उघड्या डोळ्यांनी सोनं मला दिसलं ते तीनदा. तिन्ही वेळा काळपट गारगोटीत हळदीच्या शिंतोड्याएवढं. माक्षिकाचे, म्हणजे पायराइटचे पिवळे कण मात्र रोज दिसायचे. त्यांचं पितळ ओळखायची एक सोपी खूण मिस्त्रीनंच दाखवली होती. दिवा लावलेलं डोकं इकडून तिकडं हलवायचं. पायराइट चमकतं आणि विझतं, त्याचे पैलू आरशासारखे असतात. सोनं कुठूनही बघा, तसंच पिवळं राहतं.

तुमची कपची भिंगाखाली धरली तेव्हा मला ती भिंतच आठवली. गारगोटी एकसंध पांढरी नाही. चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखी थरांची आहे आणि थराथरांत काळपट खडकाच्या बारीक रेघा आहेत. याचा अर्थ भेग एकदा उघडून भरली असं झालेलं नाही. उघडली, गारगोटीनं बुजली, पुन्हा बाजूनं फाटली, पुन्हा बुजली, असं कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी बाजूच्या भिंतीचा एक पापुद्रा आत अडकला. त्या भिंतीत तपकिरी कृष्णाभ्रक चमचमत असेल, म्हणजे गरम द्रव तिच्यात मुरून मूळ खडक बदलला असेल, आणि जोडीला आर्सेनोपायराइट असेल, तर आम्ही पिशवीवर नंबर जरा जपून घालायचो. शुभ्र, दुधासारखी, देखणी गारगोटी बहुतेक वेळा रिकामी निघायची. रीफमधे आणखी कोण कोण असतं? पायरोटाइट हे काशाच्या रंगाचं, चुंबकाला ओढलं जाणारं लोखंड-गंधकाचं संयुग. थोडं पायराइट, थोडं चाल्कोपायराइट. ते गडद पिवळं असतं आणि वैद्य ज्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात ते बहुधा हेच. त्यात तांबं असतं, नावातलं सुवर्ण नुसतं रंगाचं. आणि कधी कधी शीलाइट, टंगस्टनचं खनिज. साध्या उजेडात ते गारगोटीसारखंच मळकट पांढरं, पण विशिष्ट अतिनील दिव्याखाली निळसर चांदण्यासारखं उजळतं. नोटा तपासायचा दिवा घेऊन बसू नका, तो वेगळ्या लहरींचा असतो.

पिशवीतलं सोनं शेवटी मोजायचे ते आगीत. दळलेल्या नमुन्यात मुर्दाडशिंग, टाकणखार, सोडा आणि थोडं पीठ मिसळून मुशीत तापवायचं. मुर्दाडशिंगातलं शिसं सुटतं आणि खाली बसताना वाटेतलं सगळं सोनं-चांदी गिळून घेतं. मग तो शिशाचा गोळा हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून पुन्हा भट्टीत. वाटी शिसं पिऊन टाकते आणि मागं उरतो एक चमकता मणी, टाचणीच्या डोक्याहून बारीक. त्यातली चांदी तेजाबात काढली की उरेल ते सोनं. मोजायचा तराजू काचेच्या पेटीत, आणि मोजणारा श्वास धरून. तुमच्या दगडाचं हे करता येईल, पण त्यासाठी दगडाचं पीठ करावं लागेल, आणि मग देव्हाऱ्यात काय ठेवणार?

आणखी एक. आजोबा परराज्यात गेले होते असं घरात म्हणत असतील, पण गेले तेव्हा ते कदाचित आपल्याच राज्यात होते. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात आणि हट्टी रायचूर जिल्ह्यात, दोन्ही हैदराबाद संस्थानात. १९४७ साली खाणीसाठी जी कंपनी निघाली तिचं नावही हैदराबाद गोल्ड माइन्स असंच होतं. १९५६च्या पुनर्रचनेत उदगीर इकडं आलं, रायचूर म्हैसूर राज्यात गेलं. आणि आजोबांच्या आधीही तिथं माणसं राबून गेली होती. हट्टीच्या जुन्या कामांत, सहाशे फुटांहून खोल, लाकडी टेकू सापडले. कार्बनच्या पद्धतीनं त्यांचं वय काढलं तर ते सुमारे दोन हजार वर्षं निघालं. म्हणजे पैठणला सातवाहन राज्य करत होते तो काळ. सुरुंग नव्हता, पंप नव्हता. खडकाशेजारी आग पेटवायची, तापला की पाणी मारायचं आणि तडकला की छिन्नी घालायची. हट्टी हे नाव कानडी आहे आणि त्याचा अर्थ वस्ती, पण मला आपला मराठी अर्थच पटत आला आहे. तिथून जवळच मस्की आहे. १९१५ साली बीडन नावाच्या इंग्रज खाण-इंजिनिअरला तिथं सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला, आणि त्यात ‘अशोक’ हे नाव स्पष्ट कोरलेलं होतं. तोवर शिलालेखांतला ‘देवानांप्रिय’ म्हणजे कोण यावर विद्वानांत वाद होता. सोन्याच्या धंद्यातल्या माणसानं तो मिटवला.

प्रश्न : लेंडी नदीच्या वाळूत सोन्यासारखे पातळ चकचकीत कण सापडतात. पुडीत पाठवले आहेत. गावात एक जण मशीन घेऊन आला होता, म्हणाला खाली सोनं आहे, शोधायचे पंधरा हजार लागतील.
— एक शेतकरी वाचक, ता. देगलूर

उत्तर : पंधरा हजार दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर मला वाईट वाटतं. अशा मशीनवाल्यांनी आमच्याही एका नातेवाइकाला रात्री अमावास्येला शेतात खड्डा खणायला लावला होता, त्यातून फक्त मुरूम निघाला.

तुमच्या पुडीत कृष्णाभ्रक आहे. काळा अभ्रक ऊन-पावसात राहिला की त्यातलं लोखंड गंजतं, पाणी मुरतं आणि काळ्याचा सोनेरी होतो. घरी करून बघा. कणावर सुईचं टोक दाबा. सोनं असेल तर खड्डा पडेल, कण दबेल. अभ्रकाचे पापुद्रे सुटतील. थाळीत वाळू आणि पाणी घेऊन गोल फिरवा, अभ्रक आधी वर तरंगून कडेनं वाहून जातो, सोनं शेवटपर्यंत तळाला बसून राहतं. चिमूटभर कण तव्यावर तापवा. फुगून जाड झाले की शंका मिटली.

तुमच्याकडंच हे का सापडतं, तेही सांगतो. आपला मराठवाडा जवळपास सगळा काळ्या पाषाणाचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा, आणि काळ्या पाषाणात असा अभ्रक नसतो. पण देगलूर, बिलोली, मुखेडकडं लाव्ह्याची चादर संपते आणि खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. देगलूरच्या वाटेवर एकावर एक रचून ठेवल्यासारखे गोल धोंडे दिसतात ना, ते त्याचेच. त्या ग्रॅनाइटची झीज होऊन अभ्रक नदीत येतो.

प्रश्न : माझी आजी म्हणते, जमिनीत सोनं झाडाच्या मुळासारखं वाढतं. खरं का?
— इयत्ता आठवी, अंबड

उत्तर : आजी अगदीच चुकीचं सांगत नाहीत, फक्त मुळात रस खालून वर चढतो तसं सोनं पाण्याबरोबर वर चढतं.

जमिनीत खूप खोल, काही किलोमीटर खाली, पाणी तीनशे-चारशे अंश तापलेलं असतं. वरच्या ओझ्यामुळं ते उकळूनही जाऊ शकत नाही. त्यात गंधक विरघळलेलं असतं. एरवी सोनं पाण्यात विरघळत नाही, पण गंधकाचा हात धरून विरघळतं. अगदी थोडं. साध्या खडकात टनामागं सोन्याचे काही सहस्रांश ग्रॅमच असतात, तेवढंच मोठ्या मुलखातून गोळा होत होत हे पाणी भेगांतून वर सरकतं. जत्रेत तू ताईचा हात धरून चालली आहेस असं समज. वाटेत ताईला तिची जिवलग मैत्रीण भेटते आणि ताई तुझा हात सोडून तिच्याकडं पळते. तू जिथं आहेस तिथंच उभी राहतेस. सोन्याचं तसंच होतं. पाणी लोखंड असलेल्या खडकात शिरलं की गंधक लोखंडाला जाऊन मिळतं आणि त्यांचं पायराइट नाहीतर आर्सेनोपायराइट होतं. सोनं एकटं पडतं आणि तिथंच बसतं. म्हणून खाणीत सोन्याशेजारी ही मंडळी हटकून सापडतात.

आजीला हेही सांग की हट्टीचं सोनं असं बसलं त्याला अडीचशे कोटी वर्षं झाली. तेव्हा जमिनीवर एकही झाड नव्हतं.

प्रश्न : तुम्हीच मागं लिहिलं होतं की हट्टीचा खडकही मूळचा लाव्हाच. आमच्या गावात तर जिकडं बघावं तिकडं लाव्हा आहे. मग मराठवाड्यात सोनं का नाही? हजार फुटांचं बोअर घेतलं तर लागेल का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : प्रश्नाचा पहिला भाग मला फार आवडला. विद्यार्थ्यांना हट्टीला नेलं की मी त्यांना भिंतीला हात लावून विचारायचो, हा कोणता खडक? सगळे काळ्या पाषाणाच्या मुलखातले असूनही कुणालाच ओळखू यायचा नाही.

तो ॲम्फिबोलाइट. मूळ बेसाल्टच, म्हणजे काळा पाषाणच, समुद्राखाली वाहिलेला. हट्टीच्या त्या खडकाच्या पट्ट्यात काही ठिकाणी लाव्ह्याच्या उश्या अजून दिसतात. पाण्यात ओतलेला लाव्हा गोल गोल थिजतो, त्या उश्या. पण तो वाहिला त्याला अडीचशे कोटींहून जास्त वर्षं झाली. त्यानंतर तो खोल गाडला गेला, तापला, दाबानं उभा राहिला, दुमडला. त्याच्यातून उभ्या, जवळपास समांतर अशा कातरलेल्या पट्ट्या गेल्या आणि त्यांतून ते गंधकाचं पाणी वर आलं. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा. थरावर थर, रांगोळीच्या ओट्यासारखा आडवा पसरला आणि तसाच पडून राहिला. त्याला कुणी दुमडलं नाही. वेरूळ-अजिंठ्याचे डोंगर दुरून बघा, पायऱ्या पायऱ्या सरळ आडव्या दिसतात. कारागिरांना वरपासून खाली कोरत जाता आलं ते याच आडव्या, सलग थरांमुळं. पण सोनं जमायला असला शांत खडक उपयोगाचा नाही. त्यात सोन्याचा अंश आहे, पण पसरलेला, कुठंच गोळा न झालेला.

बोअरबद्दल. लाव्ह्याखाली काय आहे ते आपल्याला एका जागी तरी नेमकं माहीत आहे, आणि ते कळायला फार मोठी किंमत पडली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी ६१७ मीटर खोल भोक घेतलं. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचा थर आणि मग तळापर्यंत जुना ग्रॅनाइटसारखा पट्टेदार खडक, म्हणजे नाइस. हट्टीच्या आसपासही तसाच नाइस आहे. तेव्हा अंबाजोगाईला हजार फुटांत तुम्ही बहुधा काळ्या पाषाणातच अडकाल, आणि त्याच्याही खाली गेलात तरी नाइस लागेल. नाइसमधे सोनं नसतं. सोनं असतं ते त्या नाइसमधे अडकलेल्या जुन्या लाव्ह्याच्या अरुंद पट्ट्यांत. हट्टी-मस्कीचा पट्टा नकाशावर पाहिला तर मासे धरायच्या गळासारखा वाकडा आणि लहान दिसतो. असा एखादा पट्टा मराठवाड्याच्या चादरीखाली असेलही, पण हजार फुटांच्या एका भोकानं तो सापडणं म्हणजे आंधळ्यानं मारलेला गोटा. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा मिळाल्या त्या आपल्याकडं नाही, नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत.

बोअरचे पैसे शेततळ्याला लावा.

प्रश्न : नवीन विहीर खणताना सात परसांवर मांजऱ्या खडकात पोकळी लागली. आत पांढऱ्या आणि गुलाबी स्फटिकांचे झुबके होते. हिरे तर नाहीत? दोन तुकडे पाठवत आहे.
— एक वाचक, ता. कन्नड

उत्तर : हिरे नाहीत. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्या पुढं कोमट पाण्यातल्या क्षारांनी भरल्या. पांढरा, काचेसारखा, चौकोनी टोकाचा आहे तो ॲपोफिलाइट. गुलाबी, धान्याच्या पेंढीसारखा मधे बांधलेला दिसतो तो स्टिल्बाइट, झिओलाइटच्या कुळातला. असे नमुने आपल्या महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणातले जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत मांडलेले आहेत, आणि आपल्याकडं विहिरीवाले ते घमेल्यात भरून बांधावर टाकतात. पुन्हा पोकळी लागली तर सुरुंग थांबवा, कामगारांना छिन्नीनं हळू काढायला सांगा आणि कागदात एकेक वेगळा गुंडाळा. ॲपोफिलाइट थराथरांनी सुटतो, एकावर एक आपटला की संपलं.

पांढरा तुकडा परत पाठवला आहे. गुलाबी माझ्या टेबलावर आहे, सकाळी खिडकीतून ऊन आलं की फार छान दिसतो. ठेवून घेतला तर चालेल ना? नसेल चालत तर कळवा, पाठवून देईन.